सिडनी ते सॅंटियागो: 11,340 किमी आणि मागच्या दाराची छोटी खिडकी

जानेवारीत सिडनीहून चिलीच्या सॅंटियागोला जायचं ठरलं तेव्हा मी आधी नकाशा उघडला. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेषेत, 33-34 अंश दक्षिणेला, म्हणजे नाकासमोर पूर्वेला जायचं, मधे फक्त पॅसिफिक. तसं सरळ गेलं तर साधारण 12,800 किमी होतात. पण सगळ्यात जवळचा रस्ता खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने पार 62 अंशांपर्यंत वळतो आणि तो भरतो 11,340 किमी! पृथ्वी गोल आहे हे शाळेपासून माहितीय, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला तेव्हा कुठे ते खरंखुरं पटलं.

जाताना साडेबारा तास लागले. दुपारी 12 ला निघालो आणि उतरलो तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेदहा, मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली ना. सॅंटियागोचे आठ दिवस मजेत गेले, रोज सकाळी समोर अँडीज.

परतीला मात्र 14 तास. अंतर तेवढंच, पण त्या पट्ट्यात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, जाताना ते विमानाला ढकलतात आणि येताना तोंडावर येतात, म्हणून ते टाळायला विमान कधीकधी अजूनच दक्षिणेला जातं. आमचं गेलं. स्क्रीनवर ते छोटं विमान बर्फाच्या कडेला टेकलेलं दिसत होतं, बाहेर लख्ख दुपार, आणि आत सगळ्या खिडक्या बंद करून रात्र केलेली! लोकांना झोपायचं असतं हे मान्य, पण अशा जागेवरून जाताना निदान एकदा तरी सांगावं की नाही, बाहेर बघा म्हणून? मला फार राग आला.

माझी सीट आयलची, म्हणून उठून मागच्या दारापाशी गेले, तिथे ताटलीएवढी खिडकी असते. कपाळ टेकवलं तर काच बर्फासारखी गार. खाली काळंनिळं पाणी आणि त्यावर फुटलेल्या पांढऱ्या लाद्या, लांबपर्यंत, मधेच एक मोठा सपाट हिमनग आणि त्याच्या कडेला पाण्यात हिरवट निळा पट्टा. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. तेवढ्यात एक आजी टॉयलेटसाठी आल्या, मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली. त्यांनी बघितलं, काचेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "येलो." स्पॅनिशमधे बर्फ, हे मला नंतर कळलं. मग आम्ही आळीपाळीने बघत राहिलो, एक मिनिट त्या एक मिनिट मी, एकमेकींची भाषा येत नसताना अर्धा पाऊण तास तरी उभ्या होतो, पाय भरून आले तरी दोघींपैकी कोणी जागेवर जाईना.

या रूटने येणार असाल तर परतीला डावीकडची खिडकी मागूनच घ्या, दक्षिण त्या बाजूला असते. आणि मधेच शेजाऱ्याला उठवावं लागलं तरी उठवा. मला वाटतं मी माझ्या शेजाऱ्यांना उठवायला हवं होतं, ते काका अख्खा बर्फ संपेपर्यंत झोपून होते आणि नंतर खाली नुसते ढग.