गडग्यातली पालथी शिळा

भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून बावीस वर्षं झाली. हद्दीचे दगड शोधणं हे रोजचंच काम, पण रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगरउतारावरची मोजणी अजून मनातून जात नाही.

वाद दोन चुलत भावांचा, वरकस म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरून. गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध, सरकवला असं थोरल्याचं म्हणणं. जुन्या मोजणीच्या टिपणात तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडापासून 4 साखळ्या 6 आण्यांवर हद्दीचा दगड दाखवलेला. इंग्रजांच्या वेळची ही साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. म्हणजे झाले साधारण 44 मीटर. उपग्रहावरून जागा दाखवणारा रोव्हर लावला, गवत काढलं, हातभर खणलं, तर दगड नेमका तिथेच. धाकट्याला ते पटेना. गडग्यातली एक लांबट शिळा दाखवून म्हणाला, "साहेब, आमची खरी हद्द ही. आजा सांगायचा."

चौघांनी पहारी लावून शिळा उलथली. पोटाला ओली माती लागलेली, ती मी हातानेच पुसली. वर चंद्र-सूर्य निघाले, मधे अक्षरांच्या झिजलेल्या ओळी, तळाला बाईवर चढलेलं गाढव. गद्धेगाळ!

गाळ म्हणजे शिवी. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात दिलेल्या दानाचे असे दगड रोवत. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालावं, आणि जो ते मोडेल त्याच्या आईला ही गाळ. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख याच जातीचा.

भावांची आत्या माहेरपणाला आली होती. बघताच तिने पदर तोंडाला लावला. मग हळूच विचारलं, "काय लिवलंय?" मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "जमीन लाटली बाप्यानं, आन् गाळ आईला?"

मला उत्तर सुचलं नाही. हातात त्याच गटाचा सातबारा होता. त्यावर सात नावं, एकही बाईचं नाही. आत्यानेही कधीच हक्कसोड लिहून दिलेलं.

शिळा मुळात कुठे उभी होती हे कुणालाच सांगता येईना, म्हणून हद्द टिपणाप्रमाणेच कायम केली. धाकट्याने सही केली. शिळेची जागा मात्र मी नकाशात दाखवली आणि तहसीलदारांना कळवलं. पुन्हा गडग्यात घालू नका, असं दोघांना बजावलं.

निघताना पाहिलं तर आत्या कळशीतलं पाणी ओतून त्या बाईच्या अंगावरची माती धूत होती.