लॅपटॉपवर तर चालते!

घरी बर्न केलेली डीव्हीडी प्लेअरने घेतली नाही की घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार, "अरे पण लॅपटॉपवर तर चालते!" आणि मग सगळे प्लेअरकडे असं बघतात जणू त्याने मुद्दाम केलंय. आमच्या खानदानात केबल, रिमोट, डिस्क ही खाती माझ्याकडे, त्यामुळे हे वाक्य मी काका, मावश्या, शेजारी सगळ्यांकडून ऐकलंय, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्याने काहीही सिद्ध होत नाही. लॅपटॉपवर काय वाट्टेल ते चालतं हो. डिस्कचा एखादा तुकडा वाचता आला नाही तर तो वेग कमी करतो, परत वाचतो, परत वाचतो, घरघर करतो, पण शेवटी वाचून काढतो. प्लेअरला तेवढा वेळ कुठला, त्याला टीव्हीवर आत्ताच्या आत्ता चित्र दाखवायचंय. शिवाय स्वभावाने तो तहसील कचेरीतला कारकून, अर्ज ठरल्या नमुन्यातच पाहिजे, एक रकाना चुकला की "नो डिस्क" म्हणून ट्रे बाहेर.

आता नमुना म्हणजे काय, तर डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर पाहिजे, तो सगळ्यात बाहेर पाहिजे, आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फायली, आतलं चित्र एमपेग-२ या व्हिडिओच्या प्रकारात. आपले लोक काय करतात, मोबाइलवरची एमपी४ उचलून डिस्कवर टाकतात आणि वर मार्करने "व्हिडिओ डीव्हीडी" लिहितात. ती डेटा डिस्क झाली! किंवा त्याहून भारी, फोल्डर बरोबर असतो पण तो "दादाचं लग्न" नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नीट आवरून ठेवलेला असतो. लॅपटॉपला काय, तो दहा फोल्डर उघडून आत जाईल. कारकून जात नाही.

मग फायनलाइझ, म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क कायमची बंद करणं. हे बटण रेकॉर्डरवर किंवा बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, तिथे "नंतर अजून काही टाकता येईल" असा पर्याय दिसला की आपण मराठी माणसं तो घेणारच, जागा वाया का घालवायची. पण त्यामुळे डिस्क उघडी राहते, जिने बर्न केली ती मशीन आणि कॉम्प्युटर वाचतात, बाकीचे प्लेअर बहुधा नाही. बरं, याला उपाय सोपाय, त्याच मशीनमध्ये परत घालून फायनलाइझ करा, बऱ्याचदा जागच्या जागी काम होतं.

प्लस आणि मायनस हा तर एक वेगळाच भाऊबंदकीचा प्रकार. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी मायनस आर आली १९९७ ला, तशीच प्लस आर २००२ ला, कंपन्यांच्या दोन गटांचं आपसात पटलं नाही आणि निस्तरायचं आपण. जुन्या प्लेअरला मायनस जास्त पचते. प्लस आर वर मात्र एक गंमत करता येते, डिस्कच्या सुरुवातीला ती कोणत्या जातीची आहे याचा एक कोड असतो, काही बर्नर तो बदलून "मी डीव्हीडी रॉम आहे", म्हणजे कारखान्यात छापलेली, असं लिहू देतात, आणि अडून बसलेला प्लेअर ते वाचून बऱ्याचदा निमूट चालू होतो. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी डिस्क, वापरू नका एवढंच सांगतो. एका थराची छापील डिस्क लेसरचा निदान ४५ टक्के प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्के, म्हातारी लेन्स असेल तर तिला समोर काही ठेवलंय हेच कळत नाही.

आणि सीडीचा किस्सा तर मला फारच आवडतो. अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरना घरी बर्न केलेली व्हीसीडी दिसायचीच नाही, कारण सीडी आर चा रंगीत थर ७८० नॅनोमीटरच्या लेसरसाठी बनवलेला आणि डीव्हीडीचा लाल लेसर ६५० चा, त्यात तो थर प्रकाश परत फेकायचाच नाही. त्यातल्याच काही प्लेअरवर सीडी आरडब्ल्यू मात्र चालायची! म्हणजे महागाची डिस्क चालते आणि साधी चालत नाही. दुकानदाराला हे सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं आपण आरडब्ल्यू बदलून मागायला आलोय.

पण सगळ्यात जास्त बघितलेली केस म्हणजे शेवटी अडकणारी डिस्क. सीमांतपूजन दिसतं, हळद दिसते, मंगलाष्टका, सप्तपदी सगळं छान, आणि माप ओलांडायची वेळ आली की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि नवरी उंबऱ्यावरच थिजते. आत्या म्हणते, "अपशकुन रे बाबा." अपशकुन कसला, डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे भरगच्च डिस्क असेल तर गृहप्रवेश नेमका कडेला येतो, आणि कड हीच सगळ्यात कच्ची जागा, बर्न तिथे वाईट होतं आणि बोटंही तिथेच लागतात. त्यात स्वस्तातली डिस्क १६ एक्सच्या, म्हणजे सोळापट, वेगाने बर्न केलेली आणि वर गणपतीचं छापील स्टिकर चिकटवलेलं, ते किंचित एका बाजूला गेलं की डिस्क फिरताना डुलते. ४ किंवा ८ एक्सने करा, काठोकाठ भरू नका. बॉक्सवर ४.७ जीबी लिहितात, कॉम्प्युटर तेच ४.३८ दाखवतो, आणि चांगल्या क्वालिटीत दोन तास मावतात, शूटिंगवाल्याने चार तासांचं लग्न एकात कोंबलं तर चालेलही, पण नवरी कोण आणि करवली कोण ते ओळखून दाखवा.

पुसायचं असेल तर मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. मधून बाहेर गेलेला आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, गोल ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा नाही सांभाळत. टूथपेस्ट लावणारे काका प्रत्येक घरात असतात, आणि खालच्या बाजूच्या बारीक ओरखड्यावर ते अधूनमधून बरोबरही ठरतात, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलू शकत नाही.

न्यू जर्सीला मुंजीची डिस्क पाठवली आणि तिकडे लागली नाही, तर भारताचा रीजन कोड (विकतची डिस्क कोणत्या देशांत चालावी याचा आकडा) पाच म्हणून लोक तिथेच अडकतात. घरच्या डिस्कला रीजन कोड नसतो हो. खरी अडचण टीव्हीच्या पद्धतीची, आपलं शूटिंग पाल पद्धतीत, ५७६ रेघा नि सेकंदाला २५ चित्रं, अमेरिकेतल्या प्लेअरला तिकडची एनटीएससी पद्धत हवी, ४८० रेघा नि ३० च्या आसपास चित्रं. आपल्याकडचे प्लेअर सहसा दोन्ही खातात, तिकडचे बरेचसे नाहीत. तिकडचा भाचाही फोनवर तेच म्हणतो, लॅपटॉपवर तर चालते.

आता मी घरातल्या सगळ्या डिस्क त्या चिवट लॅपटॉपकडूनच वाचून पेनड्राइव्हवर घेतोय आणि प्लेअरच्या यूएसबीला लावतोय. तिथेही कारकून तोच, पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पाहिजे, म्हणजे ४ जीबीच्या वरची फाइल नाही चालत. डीव्हीडीच्या व्हीओबी मुळातच एकेक जीबीच्या आत तोडलेल्या असतात म्हणून त्या निवांत बसतात, फक्त प्लेअर त्या सुट्ट्या सुट्ट्या वाजवतो, मध्ये क्षणभर काळा पडदा येतो. दादाच्या लग्नात "शुभमंगल" पहिल्या फाइलच्या शेवटी आहे आणि "सावधान" दुसरीत. जोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण आत्याने सांगितलंय, राहू दे तसंच.