पगारपत्रकावरचे दोनशे रुपये

माझ्या पगारातून दर महिन्याला ‘व्यवसाय कर’ या नावाने दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. ही कपात कशासाठी सुरू झाली हे कार्यालयात फारसे कोणाला ठाऊक नाही. मलाही ते आजीमुळे कळले. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून दगड धरायचा, उजव्या हाताने हातोडी मारायची, आणि पगाराच्या दिवशी मस्टरवर तोच ठेचलेला अंगठा उठवायचा.

अहिंसक मार्गाने सरकारी तिजोरीचा ओघ गरिबांकडे वळवता येतो का, असे कोणी विचारले की मला ही कपात आठवते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते, पण ती कामे म्हणजे सरकारची मेहेरबानी होती आणि पाऊस पडला की बंद होणार होती. मजुरांनी मोर्चे काढले, संप केले, कचेऱ्यांपुढे ठाण मांडले. दत्ता देशमुखांसारखे लाल निशाण पक्षाचे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तर १९६५ पासून तासगाव तालुक्यातील प्रयोगाच्या आधारे सांगत होते की मागेल त्याला काम देणे राज्याला शक्य आहे. अखेर मागेल त्याला काम देण्याचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये मुख्यतः शहरांतील नोकरदार-व्यावसायिकांवर हा व्यवसाय कर बसला, त्यातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने स्वतः घालावी असे ठरले, आणि १९७७ मध्ये मंजूर झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जे काम आजीला उपकार म्हणून मिळाले होते, ते आता तिला हक्काने मागता येणार होते.

हे सारे केवळ सत्ताधाऱ्यांचे मन द्रवल्यामुळे घडले, असे मला वाटत नाही. लाखो माणसे एकाच वेळी कामावर एकत्र आली होती, दगड फोडताना एकमेकांशी बोलत होती, आणि हातात हातोडी असूनही त्यांनी ती कोणावर उगारली नाही. म्हणूनच त्यांना दंगलखोर ठरवून त्यांची मागणी उडवून लावणे कठीण गेले.

मात्र पुढचा इतिहास मला अस्वस्थ करतो. मोर्चे ओसरले तसा या कराचा पैसा कधी साचून राहिला, कधी दुसरीकडे वळला, आणि नोकरदार आपण कशाला हातभार लावतो आहोत हेच विसरले. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता. तरीही मजुरी वेळेवर मिळत नाही ही तक्रार गावी गेलो की अजून ऐकू येते. म्हणून दर मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला की मी आधी रोजगार हमीची तरतूद पाहतो आणि थकलेल्या मजुरीबद्दल आमच्या आमदारांना पत्र लिहितो. यंदाच्या पत्रासोबत माझ्या पगारपत्रकाची प्रतही जोडली आहे.