बाबांच्या पंच्याहत्तरीची बाटली

गेल्या महिन्यात बाबांना ७५ पूर्ण झाली. अमृतमहोत्सव घरातल्या घरातच, औक्षण, पुरणपोळी, संध्याकाळी जवळची पंधरा-वीस माणसं. प्रेझेंट काय द्यायचं यावर मी आणि दादा दोन आठवडे फोनवर बोलत होतो, घड्याळ झालं, शाल झाली, आईने तर सांगूनच टाकलं की कपाटात आता एक रुमालसुद्धा मावणार नाही. शेवटी दादाच म्हणाला, चांगली व्हिस्की देऊया. मी म्हटलं हो, पण या वेळी नीट विचार करून घेऊ.

या वेळी असं का म्हटलं ते सांगते.

बाबा दर शनिवारी बसतात. गॅलरीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर जुना पेपर, त्यावर खारे दाणे, आणि आईचा मूड असेल तर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घातलेला मसाला पापड. शेजारच्या बिल्डिंगमधले काका साडेसातला येतात. दोघांचे दोन-दोन स्मॉल, सोडा आणि दोन बर्फाचे खडे, तिसरा कधीच नाही, साडेनऊला काका घरी आणि बाबा पानावर. मी लहान असल्यापासून हे असंच चालू आहे, त्या चकण्यातले दाणे खाऊनच मी मोठी झाले.

तर बाबांच्या सत्तरीला मी त्यांना एक भारी बाटली दिली होती. मला तेव्हा नुकताच व्हिस्कीचा नाद लागला होता आणि मला स्वतःला स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरच्या धुरकट व्हिस्की जाम आवडायच्या, अजूनही आवडतात, म्हणून तिथलीच एक घेतली. बाबांनी सगळ्यांसमोर उघडली, एक घोट घेतला, छान आहे म्हणाले. पुढच्या शनिवारी परत त्यांची नेहमीची. ती बाटली शोकेसमध्ये दादाच्या ट्रॉफ्यांशेजारी जाऊन बसली आणि तीन वर्षांनी मी बघितली तर जेमतेम दोन बोटं कमी झालेली. आईला विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "अगं त्यांना तो वास दवाखान्यातला वाटतो, आजोबांच्या शेवटच्या दिवसांतला."

मला खूप लागलं ते. आणि वास तसा असतोच, बाबांचं काही चुकलं नव्हतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं गवत आणि शेवाळं, तिकडे ते खणून वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात, त्या धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं धान्यात बसतात ती थेट ग्लासापर्यंत येतात. त्यातूनच तो टिंक्चर-आयोडीनचा, ड्रेसिंगच्या खोलीचा वास येतो. मला मात्र त्याच वासाने आजीकडचा तांब्याचा बंब आठवतो, सकाळी अंगणात पेटवलेला, आणि त्या धुरकट गरम पाण्याची आंघोळ. एकच बाटली, मला आजीचं अंगण आणि बाबांना हॉस्पिटल. तेव्हापासून कोणालाही बाटली द्यायची तर मी आधी एवढंच बघते, हा माणूस बसतो कसा? कोणाबरोबर, कशात घालून, सोबत काय खातो. खोका किती मोठा आणि त्यावर आकडा किती, ते सगळं नंतर.

आणि त्याच्याही आधी, अजून घेतात का हे विचारा. वयाबरोबर गोळ्या सुरू होतात, कोणी डॉक्टरांनी सांगून सोडलेली असते, कोणी स्वतःशी झगडून सोडलेली असते. अशा माणसाच्या घरात बाटली नेऊन ठेवणं मला बिलकुल पटत नाही, मग ती कितीही प्रेमाने दिलेली असो.

आकड्याचं सांगते, कारण गिफ्ट देताना सगळे तिथेच अडकतात. बाटलीवर १२ वर्षं लिहिलेलं असतं म्हणजे आत जे काही मिसळलंय त्यातलं सगळ्यात कोवळं १२ वर्षांचं, बाकीचं त्याहून जुनं असू शकतं. आणि ही वर्षं लाकडी पिंपातली. एकदा बाटलीत भरली की व्हिस्की मुरायची थांबते, त्यामुळे आजोबांच्या कपाटात वीस वर्षं पडलेली १२ वर्षांची बाटली १२ वर्षांचीच राहते. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, कमीत कमी ३ वर्षं, असा तिथला कायदा आहे. तिथे थंडी, त्यामुळे पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात, आपण गंधर्वांचा म्हणू. बंगळुरूच्या हवेत हाच वाटा १० ते १२ टक्के. मी एकदा कागदावर हिशोब केला होता, २०० लिटरचं पिंप, वर्षाला १० टक्के उडालं तर ५ वर्षांनी ११८ लिटर उरतं आणि १२ वर्षांनी फक्त ५६! पण त्याच उष्णतेमुळे लाकूड आणि दारूची देवघेवही झपाट्याने होते, त्यामुळे आपल्याकडची चार-पाच वर्षांची सिंगल माल्ट (म्हणजे काय ते पुढे सांगते) चवीला चांगली भरदार लागते. म्हणून इथल्या बाटलीवर वय नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. बंगळुरूच्या अमृत कंपनीने २०१३ मध्ये ८ वर्षांची काढली तर तिचं नावच ग्रीडी एंजल्स ठेवलं, अधाशी देवदूत, इतकं पिंपातून उडून गेलं होतं.

आता हेही खरं की आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे सगळ्यात जास्त खपतं त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये मुख्य माल उसाच्या मळीचा स्पिरिट असतो आणि त्यात थोडी माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, घालतात. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथे धान्यापासूनच केलेली लागते. उसाच्या पट्ट्यात राहून हे आपल्याला माहीत असायला हवं. सिंगल माल्टचं मात्र गणित वेगळं, एकच डिस्टिलरी, फक्त मोड आणलेलं बार्ली, तांब्याचा पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचं मोठं भांडं. दोन वर्षांपूर्वी गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी बघायला गेले होते. बाहेर रणरणतं ऊन आणि आत त्या तांब्याच्या स्टिलपाशी ओल्या धान्याचा, आंबट-गोड, इडलीचं पीठ फुगून वर आल्यावर येतो तसला वास. तिथे पहिल्यांदा माझ्या डोक्यात बसलं की हे शेवटी धान्य आहे, आंबवलेलं आणि उकळलेलं.

चवीबद्दल लोक पुस्तकी बोलतात, मी आपलं घरातलं सांगते. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, जुन्या पिंपात मुरलेली असेल तर व्हॅनिला, मध, शिकरण. कारण बर्बन निम्म्याहून जास्त मक्याची, कमीत कमी ५१ टक्के, आणि ती नव्या कोऱ्या आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवायची असा अमेरिकेतला नियम, मग ती वापरलेली पिंपं स्कॉटलंडला आणि आपल्याकडे येतात. शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपातली असेल तर मनुका, खारीक, काळ्या गुळाची ढेप. आयरिश बऱ्याचदा तीन वेळा डिस्टिल केलेली, त्यामुळे घशाला मऊ, नवशिक्या भाच्याला किंवा कधीतरीच घेणाऱ्या मैत्रिणीला द्यायची असेल तर मी डोळे झाकून तीच देते. जो रोज नव्या बाटल्यांबद्दल बोलतो त्याला धुरकट द्या, तो खूश होईल. चार-पाच मित्र मिळून बसणारा ग्रुप असेल तर चांगली ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींतल्या व्हिस्की मिसळलेली, घ्या, ब्लेंडेड म्हणजे हलक्या दर्जाची असा गैरसमज आहे, पिंपांचा मेळ घालणं हे वर्षानुवर्षांचं कसब आहे. अमेरिकेहून भाऊ-वहिनी येणार असतील आणि काय आणू विचारत असतील तर इथे सहज मिळते ती स्कॉच सांगू नका, तिथली छोट्या डिस्टिलरीची बर्बन किंवा राय (राय नावाच्या धान्याची व्हिस्की) सांगा. माणशी २ लिटरपर्यंत ड्युटीशिवाय आणता येते.

सोड्याबद्दल एक मनापासून सांगायचंय. सिंगल माल्टमध्ये सोडा घातला की तोंड वाकडं करणारे खूप भेटतात, आणि त्यांच्यामुळे बाबांच्या वयाची माणसं उगाच ओशाळतात. जपानमध्ये व्हिस्की-सोडा, हायबॉल, हा रोजच्या जेवणासोबतचा प्रकार आहे आणि त्यांच्या व्हिस्कीला जगभर मान आहे. ज्याला जशी आवडते तशी. फक्त नवीन बाटली उघडली की पहिला घोट नुसता घ्या, मग चमचाभर साधं पाणी घालून परत वास घ्या. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की पाण्याने थोडी पातळ केली की चवीचं एक द्रव्य, ग्वायकोल, पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाजवळ. बर्फाने मात्र वास दबतो, तो नंतर घाला. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर बूच खराब होतं, आणि उन्हात नको. अर्ध्याच्या खाली गेली की वर्षानुवर्षं जपू नका, आत हवा जाऊन चव उतरते, संपवा.

दुकानात घेताना थोडं बघून घ्या. सील, आणि लेबलवर कुठल्या राज्यात विक्रीसाठी आहे ते. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकीत भरून आणू नका, परवान्याशिवाय आणली तर नाक्यावर अडवतात. महाराष्ट्रात हार्ड ड्रिंक घ्यायला वयाची २५ पूर्ण लागतात आणि परमिटही लागतं, वीस-बावीसच्या पुतण्याला वाढदिवसाला बाटली देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कडकपणाही वाचा, इथे भरलेल्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के असतं आणि बाहेरून आलेल्यांवर ४०, सिंगल माल्ट ४६ किंवा त्याच्याही वर जाते, तेव्हा तेवढ्याच मापात ओतली तर जास्त चढते.

तर बाबांसाठी. मी पहिल्यांदा अमृत फ्यूजनच घेणार होते, कारण नाव मोठं आहे, व्हिस्की बायबल नावाच्या पुस्तकाच्या २०१० च्या आवृत्तीत समीक्षक जिम मरेने तिला जगात तिसरा नंबर दिला होता. पण फ्यूजनमध्ये एक चतुर्थांश बार्ली पीटवालं असतं, म्हणजे परत धूर आलाच. दुकानात हातात धरून मी ती परत ठेवली आणि अमृतची साधी सिंगल माल्ट घेतली, ४६ टक्के, पीट नाही. अमृतमहोत्सवाला अमृत, हे दादाला फारच आवडलं. सोबत काकांसाठी आणि बाबांसाठी खाली फुगीर वर निमुळते दोन ग्लास, त्यात वास गोळा होतो.

वाढदिवस गुरुवारी होता, बाबांनी बाटली त्या दिवशी उघडलीच नाही, शनिवारीच म्हणाले. मग मीही दोन दिवस राहिले. शनिवारी साडेसातला काका आले, मी स्टुलाशेजारी चटई टाकून बसले. बाबांनी चष्मा लावून लेबल वाचलं, मी त्यांना सांगितलं की ही कंपनी १९४८ मध्ये बंगळुरूला राधाकृष्ण जगदाळेंनी काढली आणि ही सिंगल माल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला नेली ती थेट ग्लासगोला, स्कॉच करणाऱ्यांच्या घरात. "जगदाळे? म्हणजे आपलंच नाव की," काका म्हणाले आणि त्यांनी बाटली बाबांच्या हातातून स्वतःकडे घेतली. बाबांनी स्टीलच्या मापाने बरोबर ३० ओतली, माप ग्लासाच्या काठावर दोनदा टेकवलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवलं. नाकाशी नेली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, श्वास रोखून म्हटलं तरी चालेल. एक घोट. गॅलरीतून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "काकवी." आणि परत वास घेऊन, "गुऱ्हाळावरची, गरम असताना असते ना, ती."

चमचाभर पाणी घालून बघा म्हटलं, बघितलं, मान हलवली. मग ते त्यांच्या नेहमीच्या उभ्या ग्लासात ओतलं, सोडा घातला, दोन खडे टाकले आणि दाणे पुढे ओढले. मी काही बोलले नाही. दुसरा स्मॉलही त्याच बाटलीतला भरला तेव्हा मला रडूच यायला लागलं होतं.

रविवारी निघताना पिशवी उचलायला आत गेले तर बाबा टेबलाशी बसून बाटलीच्या खोक्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस. ७५०, खाली दोघांचे दोन-दोन म्हणजे १२०, पुढे भागाकार.

"सहा शनिवार होतात," बाबा म्हणाले, "आणि वर एक स्मॉल उरतो. तो ठेवतो. तू कधी येतेस ते सांग."