एक वाक्य, पाच रेघा

आम्ही पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवणारी पिढी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर आम्ही शाळेतून कधीच बाहेर पडलो होतो. आमच्यासाठी इंग्रजीतला आनंद, राग, आश्चर्य म्हणजे 'एक्सक्लेमेटरीचं असर्टिव्ह करा' हा प्रश्न. 'व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर इट इज!' हे वाक्य अख्खा वर्ग सतराच्या पाढ्यासारखं म्हणायचा. आणि ते 'अलास'! इतकी वर्षं इंग्रजीत नोकरी केली, पण एकाही जिवंत माणसाच्या तोंडून ते ऐकलं नाही.

आठवीला इंग्रजीला ज्या बाई आल्या, त्यांना आमचा हा सूर सहनच व्हायचा नाही. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय डिडन्ट टेक युअर पेन.' मग एकेका शब्दाखाली खडूने रेघ मारायच्या, रेघ असेल त्या शब्दावर आम्ही जोर द्यायचा. 'आय'वर जोर, म्हणजे मी नाही, दुसऱ्या कुणीतरी घेतलं. 'टेक'वर दिला तर घेतलं नाही, फार तर हात लावला असेल. 'युअर'पाशी आल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चोर सापडला की! पेन घेतलंय, फक्त ह्याचं नाही." बाईसुद्धा हसल्या. आपण मराठीत 'च' लावतो, 'तर' लावतो, शब्द पुढेमागे करतो. इंग्रजीत शब्द सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून आवाज हलवावा लागतो. 'आय ॲम हिअर ओन्ली' म्हणताना आपण खरं तर आपला 'च' कुठे चिकटवता येतो ते शोधत असतो. जोराचा शब्द नुसता ओरडायचा नाही, किंचित लांबवायचा आणि 'टू', 'ऑफ', 'द' जवळजवळ गिळायचे, हे बाईंनी घोटून घेतलं.

बाई म्हणायच्या, क्रिकेट ऐका, इंग्रजीतलं. 22 सप्टेंबर 1986, सोमवार. चेपॉकवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस, जिंकायला 348 हवे होते. शाळा सुटली तरी आम्ही शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीला चिकटलेले. समालोचन हिंदी-इंग्रजी आलटूनपालटून चालायचं. इंग्रजीची पाळी आली की निम्मे शब्द डोक्यावरून जायचे, पण गोलंदाज धावत निघाला की आवाज कसा चढतो आणि चेंडू नुसताच सोडून दिला की कसा उतरतो, ते बरोबर कळायचं. शास्त्रीने बरोबरी साधली, मणिंदर पायचीत झाला, 347वर सगळे बाद. सामना टाय! दुसऱ्या दिवशी बाईंनी तासाला धडा बाजूला ठेवला आणि ते समालोचन आमच्याकडून म्हणून घेतलं. शब्द चुकले तरी चालतील, चढउतार चुकता कामा नये, एवढीच अट.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर लंडनच्या ऑफिसशी रोज फोन. तिथली तऱ्हा वेगळी. ती मंडळी भावना वाढवून नाही, उतरवून सांगतात. 'नॉट बॅड' म्हणजे झकास, आणि 'आय ॲम अ लिटल डिसअपॉइंटेड' म्हणजे साहेब पुरता भडकलाय. सुरुवातीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले आमचे काही सहकारी इकडून 'व्हेरी व्हेरी अर्जंट' लाल अक्षरांत पाठवायचे. तिकडे ढिम्म.

शाळेत आता भाषा प्रयोगशाळा होते आहे असं कळलं. हेडफोन जरूर घ्या, पण प्रकट वाचनाचा तास काढू नका. आणि वाचायला पहिल्यांदा मागच्या बाकावरच्यांनाच उठवा. बाई तसंच करायच्या.