प्रेस शॉपमधील अपघाताची चौकशी : माझा अनुभव

आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, रात्रपाळीत एका ऑपरेटरची दोन बोटे तुटली आणि त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीत कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मला घेण्यात आले. प्राथमिक अहवालात कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे आधीच लिहिलेले होते. मशीन उघडून पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असे मी पहिल्याच बैठकीत सांगितले.

प्रेस जुन्या पद्धतीच्या पॉझिटिव्ह क्लचचा होता. अशा प्रेसचे फ्लायव्हील (जड चाक) सतत फिरत असते आणि पेडल दाबून क्लच, म्हणजे या चाकाची गती रॅमला जोडणारा भाग, एकदा गुंतला की पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम (खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) मध्येच थांबवता येत नाही. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते, म्हणून ते पूर्ण थांबल्याची खात्री करून, वीज तोडून आणि स्विचला कुलूप लावूनच फिटरने झाकण काढले. फेऱ्याच्या शेवटी क्लच सोडवणाऱ्या खिटीची कड झिजून गोल झाली होती आणि तिला जागेवर आणणारी स्प्रिंग तुटलेली होती. जखमी ऑपरेटरने रुग्णालयात दिलेला जबाब, ‘पेडलवरचा पाय काढला होता, तरी प्रेसने डबल मारला’ (म्हणजे रॅम पुन्हा एकदा खाली आला), याच्याशी हे तंतोतंत जुळत होते.

पुढे लॉगबुक चाळले, तेव्हा डबल स्ट्रोकची तक्रार आधीच नोंदवलेली आढळली; दुरुस्तीचा रकाना मात्र कोरा होता. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना काढलेला गार्डही (हात आत जाऊ न देणारे आवरण) परत बसवलेला नव्हता, कारण तो असताना तयार पीस हाताने बाहेर काढता येत नसे.

सर्वाधिक वाद उपायांवर झाला. व्यवस्थापनाचा भर सूचनाफलक आणि प्रशिक्षण यांवर होता, तर कोणी प्रकाशपडदा (किरणांच्या आड हात येताच यंत्राला थांबण्याचा इशारा देणारे साधन) बसवण्याचे सुचवले. पण जो प्रेस फेऱ्याच्या मध्येच थांबू शकत नाही, त्याला प्रकाशपडद्याने दिलेला इशारा काय कामाचा? हात डायमध्ये घालण्याची गरजच उरू नये, हा माझा आग्रह होता आणि आजही आहे. अखेर पीस आपोआप बाहेर टाकणारी व्यवस्था, पक्का बसवलेला गार्ड आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला क्लचची तपासणी या तिन्ही गोष्टी अहवालात आल्या. कारणाच्या रकान्यात क्लचमधील बिघाड, प्रलंबित दुरुस्ती आणि गार्डचा अभाव असे लिहिले गेल्यावरच मी सही केली, आणि ऑपरेटरचा जबाब त्याच्याच शब्दांत अहवालाला जोडून घेतला.