रानपिंगळ्याच्या ढोलीसमोरची सकाळ

मेळघाटात मी चार दिवस होते, परंतु लिहावीशी वाटते ती तिसऱ्या दिवसाची सकाळ. मी आले होते रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मिळ लहान घुबड, पाहायला. पहिले दोन दिवस सेमाडोहच्या आसपास नेहमीचा ठिपकेवाला पिंगळाच रानपिंगळा समजून टिपणे काढण्यात गेले. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, भरीव पायांचा आणि मोठ्या चोचीचा पक्षी शोधायचा, हे पुस्तकात वाचलेले होते. पण समोरच्या फांदीवर ते ओळखायला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी आमच्या कोरकू वाटाड्या काकांनी मला सागाच्या विरळ रानात सालईच्या एका जुन्या झाडासमोर बसवले. त्याच्या ढोलीत मादी अंडी उबवत होती आणि नर समोरच्या सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर, भर उन्हात, शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवत खालची जमीन न्याहाळत होता. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये जगापुढे आणलेला हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला खात्रीने दिसला नाही आणि १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो माझ्यापासून पंचवीस पावलांवर होता. माझा श्वास काही क्षण खरोखरच थांबला.

सात वाजून चाळीस मिनिटांनी तो दगडासारखा खाली पडला आणि वर आला तेव्हा त्याच्या नखांत एक सरडा वळवळत होता. त्याने आधी सरड्याचे डोके चिरडले, मग ढोलीच्या तोंडाशी जाऊन हलकी शीळ घातली. आतून एक चोच पुढे आली आणि सरडा दिसेनासा झाला. त्याच्या आहारात सरडे आणि सापसुरळ्यांचा वाटा निम्म्याहून अधिक असतो, उरलेले उंदीर, नाकतोडे, बेडूक आणि क्वचित लहान पक्षी. उन्हाने जमीन तापली की सरडे बाहेर येतात, म्हणून हा दिवसा शिकार करतो, असे काकांनी समजावले. विरळ रान त्याला का हवे, तेही तिथेच उमगले: गच्च झुडपांत वरून जमीनच दिसणार नाही. ढोली मात्र जुन्या, जाड झाडातच मिळते आणि ती त्याला स्वतःला कोरता येत नाही. झाडाखाली पडलेली, त्याने ओकून टाकलेली एक गोळी मी चिमट्याने उकलली, तर तिच्यात चकचकीत खवले, नाकतोड्याची तंगडी आणि उंदराचा नखाएवढा जबडा निघाला.

आठ वाजता रस्त्यावर एक गाडी थांबली आणि तिच्यातल्या मंडळींनी ध्वनिवर्धकावर रानपिंगळ्याची साद लावली. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून आमचा नर झाडावरून झाडावर जात ओरडत राहिला. मी जाऊन साद बंद करण्याची विनंती केली, तेव्हा "एकच फोटो मिळू दे, ताई" असे उत्तर आले आणि तो फोटो मिळायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात त्याने जमिनीकडे एकदाही पाहिले नाही. मादी ढोलीच्या तोंडाशी येऊन बाहेर पाहत होती, म्हणजे खालची अंडी उघडी पडली होती. गाडी गेल्यावरही तो बराच वेळ दूरच्या ऐनाच्या झाडावर बसून राहिला, आणि दहापर्यंत ढोलीत दुसरा घास गेला नाही.

"८.०० ते ८.२५ : शिकार नाही, कारण ध्वनिमुद्रित साद," अशी नोंद मी रागाने केली. मग वहीची पहिली पाने उलटली. पहिल्या दिवशी पक्षी आहे की नाही ते कळावे म्हणून मीही फोनवर तीच साद दोनदा वाजवली होती, आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. ती मी परतवाड्याकडे निघालेल्या बसमध्ये, वेळेसह, लिहिली.